सासूबाईंचं पान

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाच्या हाती लागलंच तर त्याने हसू नये. मी हे दाखवायला लिहीत नाही. तरी लिहायला बसले की नाटे गावच्या बायका समोर येऊन बसतात, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्याही येतात, त्याला मी काय करू.

नाटे सोडलं त्या सकाळी एसटी वळणावर येऊन थांबली होती आणि सासूबाई अजून दारातच होत्या. माझ्या कडेवर रेश्मा, हातात भांड्यांचं बोचकं. मी हाका मारून थकले. त्यांनी विझलेल्या चुलीतला कोळसा आणून माझ्या हातात दिला. "लिव दारावर. मोटं लिव, त्याला बारीक वाचता येत नाय." मग मी बंद दारावर लिहिलं, आम्ही रत्नागिरीला आहोत, मिरकरवाडा, आणि ज्या बाईने खोली बघून दिली होती तिचं नाव. कंडक्टर ओरडत होता. आख्खी एसटी माझं अक्षर बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सासूबाई 'तो' म्हणत होत्या ते रेश्माचे बाबा. लाँचवर खलाशी होते. मोसमाच्या शेवटी वारा सुटला त्यात ते पाण्यात पडले. लाँच परत आली, बाकीचे आले, हे आले नाहीत. सापडलेही नाहीत. एका खलाशाने सांगितलं की काळोखात त्यांची हाक ऐकू आली होती. त्याने सांगायला नको होतं. सासूबाईंनी ती हाक धरून ठेवली. "हाक मारत होता म्हंजे जिता होता," एवढंच त्या म्हणायच्या, आणि पुढे कुणी बोलायचं नाही.

इथे आल्यावर मला बंदरावर कोळंबी सोलायचं काम मिळालं. पुढची दोन-तीन वर्षं पाऊस संपला की सासूबाई मला नाट्याला न्यायच्या, दारावरचं पुसलेलं परत लिहायला. नंतर त्यांच्याने एसटीत चढवेना.

आमच्या गावात गौर जेवते त्या दिवशी वडे आणि कोंबडीचं रस्सेदार सागोतं असतं. गणपतीला ते चालत नाही, म्हणून मध्ये पडदा धरतात आणि पडद्याआड गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. आणि घरातल्या कुणी तोंडात घास घालायच्या आधी गेलेल्या माणसांसाठी केळीच्या पानावर वाढून बाहेर ठेवतात. त्याला आम्ही वाडी म्हणतो. नाट्याला तीन बायका तीन बाजूंना बसून हे सगळं करायच्या तरी चुलीपाशी जागा उरायची. इथलं माझं स्वयंपाकघर म्हणजे ओटा, मोरी आणि मध्ये एक माणूस. म्हणून मी आदल्या दुपारीच लागते. तांदूळ, उडीदडाळ, धणे, मेथी भाजून दळून आणलेलं असतं. ते गरम पाण्यात घट्ट मळून झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत फुलून येतं. मग कांदा-खोबरं भाजून मिक्सरला वाटप करायचं. पूर्वी वडे पानावर थापायचो, आता दुधाच्या पिशवीवर थापते.

वडे तळायला घेतले की माझ्या पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं. इतक्या वर्षांत हे चुकलं नाही. रेश्माच्या बाबांना सवय होती, मागून हात घालून कढईतला पहिला वडा उचलायची. बोटं भाजली तरी उचलायचे. मी वळून बघत नाही. वळले तर फ्रिज दिसेल, हे मला ठाऊक आहे. पण न वळता उभं राहिलं की मानेवर ऊब लागते आणि हात आपोआप सावकाश चालतो.

रत्नागिरीतल्या पहिल्या गौरीला मी वाडीचं पान घेतलं. सासरे होते, त्यांच्या आधीचे होते. आणि काही न बोलता एक घास रेश्माच्या बाबांच्या नावाने बाजूला ठेवायला गेले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "माझा पोरगा काय मेलाय, म्हनून पानावर वाढतेस? ताट घे गो त्याला." तेव्हापासून दर सणाला रेश्माच्या बाबांचं ताट आमच्या पंक्तीत. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचं. मग सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मी ते बंदरावरच्या मांजरांना घालून यायचे. दुसऱ्या दिवशी आमच्यात त्या ताटाचं नाव निघायचं नाही.

गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी सासूबाई गेल्या. वर्षभर घरात सण नव्हता. यंदाची गौर त्यांच्या माघारी पहिली.

आदल्या दुपारी वाटप झालं, पण आमच्या एवढ्याशा फ्रिजात ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या शमीमभाभी वाटपाचा डबा न्यायला खाली आल्या. त्यांचे मालक कुवेतला असतात. डबा उघडून वास घेत म्हणाल्या, "अर्दा तुला सकाळी परत देईन हां, अर्दा माझ्याकडं गायब व्हनार. तुझ्या गौरीला सांग भाडं घेतलं फ्रिजाचं." मी हसले. रेश्मा खोबरं खवत होती. ती आता दुकानात कामाला जाते, माझ्यासारखी बुजरी नाही, मनात येईल ते बोलते. भाभी गेल्यावर तिने विचारलं, "आई, उद्या आजीला पानावर वाढनार ना तू?"

"वाढायला हवंच."

"मग बाबांना?"

मी म्हटलं, "आजीने सांगितलंय तसं. ताट."

ती खवणीवरून उठली नाही. खाली बघूनच म्हणाली, "आनि ते नसतील तर? मग इतकी वर्सं ते दर सनाला उपाशीच की गो. आपन मांजरांना घातलं."

हे मला कधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं की मी दुसरं काम काढायचे. पानावर वाढावं तर आपल्या हाताने त्यांना पलीकडे ढकलल्यासारखं, आणि कुठे जिवंत असतील तर जित्या माणसाची वाडी ठेवली म्हणायची. ताट मांडावं तर ही पोर म्हणते तसं. ज्या बाईने इतकी वर्षं हे माझ्या वतीने ठरवलं, तीच आता पानावर जेवायला येणार. मी पीठ झाकलं आणि गॅस पुसत राहिले, पुसलेलाच परत पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पडदा धरला, नैवेद्य झाला. वडे तळताना पाठीमागे कुणी आलं का, हे यंदा माझ्या ध्यानातच आलं नाही, तेल फार तापलं होतं. बाजारातून आणलेल्या केळीच्या पानातलं सर्वांत रुंद पान मी सासूबाईंसाठी घेतलं. त्यांचं वाढलं. भात, वडे, सागोतं, खीर. मग त्याच पानावर, दुसऱ्या बाजूला, कोंबडीची तंगडी ठेवली आणि कढईतला पहिला वडा ठेवला. सासूबाई मऊ खायच्या, तंगडी त्यांना चाववत नव्हती. रेश्मा बघत होती.

"हे कुनाचं?"

"आजीचंच पान आहे," मी म्हटलं. "तिच्या मनात असेल त्याला ती भरवेल."

ते असतील तर आईच्या पानात दोन घास जास्त पडले, एवढंच झालं. नसतील तर आई शेजारी आहे. यापलीकडे मला काही ठरवता आलं नाही. मंगळसूत्राला मी हात लावलेला नाही, ते वेगळं. पान बिल्डिंगच्या मागे कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर ठेवलं. कावळे होते. शिवतात का ते बघायला मी थांबले नाही. रेश्माने हाक मारली, वडे निवतायत म्हणून.

आमच्या खोलीत तीनच ताटं मांडता येतात. एक सासूबाईंचं, एक रेश्माचं, एक त्यांचं, म्हणून इतकी वर्षं सणाला मी मोरीच्या कडेला बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत आले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. यंदा रेश्माने दोनच ताटं घेतली आणि एक भिंतीपाशी ठेवलं, पंखा लागतो तिथे. मी उभीच होते. तिने पाट सरकवला. मग मी बसले.

गाव कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून नाटे सांगते, पुढेही तेच सांगेन. पण त्या दिवशी पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून जेवले. सागोत्यात मीठ थोडं कमी पडलं होतं. ते मला समजलं. इतक्या वर्षांत सणाच्या जेवणाची चव मला पहिल्यांदा समजली.