आतल्या थरातल्या चार चादरी

गोधडी शिवताना चांगलं कापड वर येतं आणि विटकं, डागाळलेलं, फाटकं आत जातं. आत कोण बघणार? मावशीच्या एका गोधडीत मात्र नेमकं उलटं आहे. वर नवऱ्याचे विरलेले सदरे, पडद्याचा एक तुकडा, जुन्या झग्यांच्या पट्ट्या. आणि आत जाड विणीच्या, जवळजवळ कोऱ्या चार पांढऱ्या चादरी. चाळीस वर्षं ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिने एकतीस वर्षं काढली आणि तिथे कामाला असलेली प्रत्येक बाई मावशीच. बाकीच्यांचं ते निवृत्तीबरोबर सुटलं, हिला चिकटलं ते चिकटलंच. सूनसुद्धा तिला मावशी म्हणते.

धुलाईखाना तळमजल्यावर होता. एका अंगाला धुण्याची तीन यंत्रं, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचा तापलेला रूळ, वाफेने बारा महिने ओल्या भिंती. मावशी रुळावर. चादर दोन टोकांना धरायची, ताणायची, आत सारायची. दिवसाला चारशे. दाराजवळच्या टेबलाशी मोजणीवाली बसायची. वॉर्डात किती चादरी गेल्या, किती परत आल्या, ती ओळीने वहीत लिहायची. तिचं अक्षर इतकं नेटकं की डॉक्टर लोक थट्टेत म्हणायचे, आमची औषधंही तुम्हीच लिहा. मावशीची आणि तिची गट्टी होती. डबा एकत्र, घरी जायची बस एकच.

मावशीचा मुलगा पाच महिन्यांचा होता, त्या वर्षी थंडी कडक पडली. मावशीने एका आठवड्यात चार चादरी नेल्या. एका दिवशी एक, पोटाला गुंडाळून. बाळंतपणात पोट सुटलेलंच होतं, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

वर्षअखेरच्या तपासणीत सहा चादरी कमी भरल्या. चोरीला पुरावा नव्हता, म्हणून मोजणी चुकली असं साहेबांनी ठरवून टाकलं. मोजणीवालीची वही काढून घेतली आणि तिच्या हातात फरशीचं फडकं दिलं. निवृत्त होईपर्यंत ते फडकं सुटलं नाही.

तेव्हापासून तिला एक खोड लागली. काहीही दोनदा मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातल्या फोडी, बसमधली डोकी. कुणीतरी तिचं नाव ‘दुबारा’ पाडलं. बघता बघता अख्खं खातं तिला दुबारा म्हणू लागलं, आणि मावशीही. डबा खाता खाता दुबारा मध्येच म्हणायची, “माझंच चुकलं असणार गं. त्या दिवसांत सासरे आजारी होते, चित्त थाऱ्यावर नव्हतं.”

“जाऊ दे आता. खा,” मावशी म्हणायची. आणि मनातल्या मनात स्वतःची समजूत काढायची, की सहातल्या दोन काही आपण नेलेल्या नाहीत.

गोधडी संग्रहालयात गेली ती सुनेमुळे. घरोघरच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरणार, अशी बातमी तिने वाचली आणि सासूला न विचारता कपाटाच्या तळातली गोधडी नेऊन दिली. महिन्याभराने प्रदर्शनाचं काम बघणारी बाई एक मोठा फोटो घेऊन घरी आली.

“तुमचे टाके बघून आमचे लोक वेडे झालेत,” ती म्हणाली. “मुंगीएवढे, आणि एकही वाकडा नाही. म्हणून ही गोधडी आम्ही काचेत उभी टांगणार. मागून दिवा, म्हणजे आतले थर दिसतील. हे बघा.”

मावशीने बघितलं. सदऱ्यांच्या चौकड्यांमागे निळसर गोल डाग होते. चार. धुलाईखान्याचा शिक्का.

“रुग्णालय बाद झालेल्या चादरी कामगारांना देत असेल ना?” बाईने वही उघडली. “पाटीवर तसं लिहू?”

पळवाट आयती समोर आली होती. “हो,” मावशी म्हणाली. “देत असत.”

“बघा, आम्हाला कधी बोलल्या नाहीत!” सून कौतुकाने म्हणाली.

बाई जिना उतरून गेल्यावर मावशीच्या लक्षात आलं. बाद झालेल्या चादरीवर लाल फुली मारत. तिचा एक कोपरा कातरत. शहरातल्या कुणाला हे कळलं नसतं, पण धुलाईखान्यातल्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं. आणि फुली मारायचं, कोपरा कातरायचं काम मोजणीवालीचं असे.

“आणि तुमच्या दुबारामावशींचा नंबर दिला बरं का मी त्यांना,” सून आतून म्हणाली. “उद्घाटनाला बोलावणार आहेत. त्यांना केवढा आनंद होईल!”

पुढचे आठ दिवस मावशी अंथरुणात होती.

“आई, चल ना. पेपरात फोटो येईल,” मुलगा म्हणाला.

“पोट बिघडलंय.”

“आठ दिवस?”

“मोठं पोट आहे.”

शेवटी दोघांनी तिला धरूनच नेलं.

दालनात सोळा गोधड्या होत्या. मावशीची मधोमध, दिव्यामुळे सगळ्यांत उजळ. मुलगा आणि सून गोधडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. दुबारा काठी टेकत आली. मावशीला बघून हसली, काठीनेच ‘थांब, आधी बघते’ अशी खूण केली आणि काचेपाशी गेली. पाटी वाचली. मग काचेला नाक लागेल इतकी पुढे वाकली.

मावशी जाऊन शेजारी उभी राहिली.

“बाद चादरीला लाल फुली असायची,” दुबारा म्हणाली.

“हो.”

“कोपरा कातरलेला असायचा. मीच कातरायचे.”

“हो.”

दुबाराने काचेवर बोट ठेवून शिक्के मोजले. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा. एक, दोन, तीन, चार.

“सहा होत्या.”

“दोन मी नाही नेल्या. शपथ घेते.”

“चार नेणारीची शपथ?”

दुबाराने काचेवरचं बोट काढून घेतलं.

“म्हणजे मोजणी बरोबर होती,” दुबारा काचेकडे बघत म्हणाली. ती मावशीकडे वळली. मग म्हणाली, “आणि तूसुद्धा मला दुबारा म्हणायचीस.”

चोरीबद्दल काय बोलायचं, ते मावशीने आठ दिवस घोळवून ठेवलं होतं. या नावाबद्दल काहीच घोळवलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या, तशा पूर्वी रुळाजवळ तापायच्या. तिने प्रदर्शनवाल्या बाईला हाक मारली.

“ही पाटी खोटी आहे. या चादरी मी चोरल्या होत्या.”

“आई, हळू बोल,” मुलगा मागून म्हणाला. सून फोनकडे बघू लागली.

बाई गडबडली. “आपण असं करू, ‘परवानगीविना आणलेल्या’ असं काहीतरी...”

“परवानगीविना?” दुबारा म्हणाली. “आम्ही काय सहलीला गेलो होतो?”

“चोरलेल्या लिहा,” मावशी म्हणाली. “आणि त्याखाली लिहा, मोजणी बरोबर होती.”

“दुसऱ्या वाक्याचा अर्थ लोकांना लागणार नाही, मावशी.”

“न लागू दे. लिहा.”

बाईने एका कागदावर दोन्ही वाक्यं हाताने लिहिली आणि पाटीवर चिकटवली. दुबाराने ती वाचली, काठी उचलली आणि दाराकडे निघाली.

“बसपर्यंत येते,” मावशी म्हणाली.

“नको. मला रस्ता माहीत आहे.”

कागद वाचायला लोक गोळा होत होते. वाचून झालं की पाटीवरून त्यांची नजर मावशीवर यायची आणि चटकन दुसरीकडे वळायची. तिचा मुलगा पलीकडच्या गोधडीसमोर जाऊन उभा राहिला होता. मावशी तशीच दारापर्यंत गेली. दुबारा एका हाताने कठडा धरून पायऱ्या उतरत होती. मोजत होती की नाही, ते पाठीवरून कळत नव्हतं.

मावशीने हाक मारायला तोंड उघडलं. तोंडाशी आलं ते ‘दुबारा’ हेच. तिचं खरं नाव पस्तीस-चाळीस वर्षांत तिने एकदाही घेतलं नव्हतं.

तिने तोंड मिटलं.