लग्नाच्या सकाळची मोटार
पेट्रोलचा वास आला की विद्यानगरातली पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवते. अकराला धारवाडच्या नोंदणी कचेरीत माझं लग्न होतं. जातीबाहेरचं, म्हणून वडिलांचा, अप्पांचा, विरोध होता; घरातून एकटा थोरला भाऊ साक्षीला येणार होता. त्याच्या जुन्या मोटारीचा स्टार्टर फिरत होता, पण इंजिन सुरू होईना. भावाने बाह्या सरसावून प्लग पुसले, गाडी ढकलली. शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. “अक्का, आत रोटरच नाही की हो. त्याच्याशिवाय ठिणगी कुठली पडणार? चोरीच्या भीतीनं मालकच काढून खिशात ठेवतात.” मी भावापुढे हात केला. “अण्णा, दे.” तो खाली बघत म्हणाला, “अप्पांना काय तोंड दाखवू मी?” मेकॅनिकने हात पुसले आणि तो माझ्याबरोबर बसमध्ये चढला. दाखल्यावर भावाच्या जागी आजही त्याचीच सही आहे.