आठव्या दिवशीची छाटणी

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी उशिरा आलं आणि घरातलं सगळंच पुढे ढकललं गेलं. गॅसवर दूध, माझ्या हातात भाजीची सुरी, धाकटी बाथरूमच्या दारावर थापा मारून भावाला बाहेर काढतेय, आणि आमचे हे घरभर चष्मा शोधतायत, जो त्यांच्याच शर्टाच्या खिशात आहे. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. बेल असताना कुणीतरी मुठीने दार ठोकत होतं.

उघडलं तर बाहेर एक ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. खांद्याला कापडी पिशवी, पायांत मातीने माखलेले बूट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दाराशेजारच्या कुंडीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे काय आहे?"

"लिंबू," मी म्हणाले.

"लिंबू होतं. कलम कधीच मेलंय. हा खालचा जंगली खुंट माजलाय नुसता. काटे बघ केवढाले! वर्षानुवर्षं खुंटाला पाणी घालतेयस, आणि म्हणे शेतकी शाळेत पहिला वर्ग."

असं तोंडावर बोलणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच होऊन गेलं. "करंगळी!"

"ओळखलंस. चला, तेवढी तरी स्मरणशक्ती शाबूत आहे."

अठ्ठावीस वर्षांनी भेटत होतो. मी गळ्यात पडायला पुढे झाले, तर ती बूट काढायला खाली वाकली. आत आली, बैठकीतल्या खुर्च्यांकडे ढुंकूनही न बघता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "चहा दे. पण गोड गोड बोलू नकोस. मी भांडायला आलेय."

हे दारातून डोकावले, तिचा चेहरा बघितला आणि चष्मा सापडल्याचं सांगून आल्या पावली परतले. संसारात एवढं शहाणपण यायला त्यांना वीस वर्षं लागली.

ही करंगळी कोण, ते आधी सांगते. आमची शेतकी शाळा गावापासून दोन कोसांवर, शेतांच्या मधोमध. वर्गात चाळीस जण, त्यात आम्ही मुली चार. सकाळी सहाला हजेरी, तीही वर्गात नाही, बांधावर, हातात खुरपं घेऊन. वह्यांना कायम चिखलाचे ठसे. तणं ओळखण्याची परीक्षा असायची. साठ रोपटी टेबलावर मांडलेली आणि प्रत्येकाचं नाव लिहायचं. दूध काढायच्या परीक्षेत गाईने मला लाथ घातली तेव्हा सगळा वर्ग हसला होता, ही मात्र गाईच्या बाजूने बोलली. म्हणाली, "तुझे हात गार आहेत. मी असते तर मीपण लाथ मारली असती."

तिचे वडील सायकली दुरुस्त करायचे. हत्यार कसं धरायचं ते तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. कलमाच्या तासाला तीन सुऱ्या असायच्या चाळीस जणांत, आणि तिन्हींना धार नसायची. ही घरून स्वतःची सुरी आणायची, आणि खुंटाच्या सालीत चीर देऊन तीत चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटवा येणारा कोंब, असा बसवायची, की बघणाऱ्याला वाटावं तो तिथेच जन्माला आलाय. डोळा भरताना त्याच्या पानाचा देठ ठेवतात. काही दिवसांनी त्या देठाला हलकेच बोट लावायचं. टपकन गळला, तर डोळ्याने जीव धरला. सुकून चिकटूनच राहिला, तर मेला. आणि हिरवा राहून हललाच नाही, तर अजून थांबायचं. ही ते करंगळीने करायची, बाकीची बोटं जाड पडतात म्हणून. तेच नाव पडलं.

आमचे बागसर हे सगळं फळ्यावर फार सुंदर शिकवायचे. इस्त्रीची पांढरी पँट, हातात छत्री. वाफ्यात कधी उतरायचे नाहीत. बांधावर उभे राहून छत्रीच्या टोकाने झाड दाखवायचे. मला त्यांची टिपणं अक्षरन् अक्षर पाठ होती. करंगळीला एक ओळ पाठ नव्हती.

दुसऱ्या वर्षी मोसंबीची चारशे कलमं करायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. प्रत्येकाला दहा रोपांची ओळ. डोळे ज्या फांद्यांवरून घेतात त्या डोळकाड्या निवडून कापायचं काम सरांनीच करंगळीला दिलं, कारण तिचा हात सगळ्यांत चांगला. तीन आठवडे थांबायचं, डोळे धरलेत का बघायचं, मगच खुंटाचा शेंडा छाटायचा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक.

आठव्या दिवशी सकाळी सर बांधावर आले आणि म्हणाले, "सगळे शेंडे आज छाटून टाका."

तपासणीची कमिटी परवा येणार होती. सरांनी अहवालात आधीच लिहून ठेवलं होतं, छाटणी पूर्ण, रोपं तयार. कागद शेताप्रमाणे करायचा सोडून शेत कागदाप्रमाणे करायला निघाले होते.

करंगळीने आपल्या ओळीत बसून एकेका देठाला बोट लावलं. मग उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, एकही देठ गळत नाहीये. आज शेंडा मारला तर सगळी मरतील."

"तुझी टिपणं कुठायत?" सरांनी विचारलं.

"टिपणं नाहीत सर. रोपं आहेत."

वर्ग हसला. सरांच्या मानेपर्यंत लाली चढली. "आपापल्या ओळी छाटा," एवढंच बोलून ते निघून गेले. एकोणचाळीस जणांनी कात्र्या चालवल्या. त्यात मीही. सगळी टिपणं पाठ असलेली मी! करंगळी आपल्या दहा रोपांसमोर हाताची घडी घालून उभी राहिली आणि कुणाला कात्री लावू दिली नाही.

कमिटी आली, सरळ रेषेत उभे खुंट बघून माना डोलावून गेली. महिन्याभरात तीनशेनव्वदपैकी अकरा रोपं जगली. करंगळीच्या दहापैकी नऊ.

आता कुणालाही वाटेल, पोरीचं कौतुक झालं असेल. छे! सरांनी वर्ग भरवला आणि विचारलं, "डोळकाड्या कुणी कापल्या होत्या?" आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. "मग हिचीच रोपं कशी जगली?"

झालं. ती बरोबर होती याचा जो पुरावा, तोच तिच्या गळ्याचा फास झाला. चांगले डोळे स्वतःला ठेवले, मेलेले वर्गाला दिले, असं निवेदन टाइप करून तयारच होतं. खाली एकोणचाळीस रेघा. प्रात्यक्षिकाचे शंभर गुण सरांच्या हातात. एकेकाने सही केली. माझी सही सातवी. पेन चालत नव्हतं म्हणून मी ते झटकून पुन्हा चालवलं, हेही मला आठवतंय.

तिची नऊ जिवंत रोपं त्याच संध्याकाळी उपटून जाळली. रोगट म्हणून! परीक्षेला दीड महिना राहिला असताना तिला शाळेतून काढलं. वडील सायकलवरून तिला न्यायला आले, तेव्हा सरांनी त्यांना व्हरांड्यात उभं ठेवून सांगितलं, "मुलीला घरकाम शिकवा." त्या माणसाने तेलकट हात पँटला पुसले, पोरीची ट्रंक मागच्या कॅरिअरला बांधली, आणि दोघं सायकल ढकलत निघून गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो.

आणि आम्ही? आम्ही पहिल्या वर्गात पास झालो.

"अठ्ठावीस वर्षं गप्प बसलीस," चहाचा कप ठेवत मी म्हणाले. "आज काय झालं?"

"मी गप्प बसले?" ती उसळली. "मी कामाला लागले बाई. गप्प तुम्ही बसलात."

मग तिने सांगितलं. आधी दुसऱ्यांच्या रोपवाटिकेत कलमं भरली, मग वडिलांच्या दुकानामागच्या जागेत स्वतःची रोपवाटिका काढली. नवरा टेम्पो चालवतो, रोपं पोचवतो. आज तिच्याकडे बारा बायका कामाला आहेत, आणि सगळ्यांना तिने करंगळीच वापरायला शिकवलंय.

"आता ऐक गंमत," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, आपली ती शाळा दुसऱ्या वर्षाची पोरं माझ्याकडे पाठवते. दोन दिवस. कलम शिकायला."

"आपली शाळा? तुझ्याकडे?"

"माझ्याकडे! पोरं म्हणतात, मावशी, आमच्या सरांना हे येत नाही. मी म्हणते, बाळांनो, ती तुमच्या शाळेची परंपराच आहे."

मी हसले. ती हसली नाही.

"गेल्या महिन्यात परवान्याचा साहेब आला. तरुण आहे, सभ्य आहे. म्हणाला, मावशी, नवा नियम आहे, शेतकी शिक्षणाचा दाखला लावा. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत नाही लावला, तर एक रोप विकता येणार नाही. चौदा हजार रोपं उभी आहेत माझी. आणि बारा बायका. म्हणून गेले शाळेत. दोन वर्षं शिकल्याचा दाखला तरी द्या म्हटलं. तर रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे काय लिहिलंय माहीत आहे? शाळेच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान, नाव कमी केले."

भाजी चिरायला पुन्हा हातात घेतलेली सुरी मी खाली ठेवली. मला इतका संताप आला की कान गरम झाले. पोरं शिकवायला ही बाई चालते, आणि कागद द्यायची वेळ आली की ही नुकसान करणारी! लाज नावाची वस्तू त्या इमारतीत कधी भरती झालीच नव्हती की काय?

"प्राचार्यबाई नवीन आहेत, बऱ्या आहेत," ती म्हणाली. "म्हणाल्या, त्या निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी कुणी ते खोटं होतं असं लेखी दिलं, तर ती नोंद काढून दाखला देते. पाच जणांकडे जाऊन आले. एक म्हणाला, जुनी मढी कशाला उकरतेस. दुसरा म्हणाला, सरांच्या वयाचा तरी विचार कर. माझ्या बापाच्या वयाचा केला होता का कुणी? तिसऱ्याने चहा पाजला, फोटो काढला, आणि आठवत नाही म्हणाला. चौथीने तर दारच उघडलं नाही, पडदा हललेला दिसला मला. पाचवा म्हणाला, आधी कुणीतरी दुसऱ्याने लिहू दे, मग मी लिहितो. तू सहावी."

बारीक गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसायचं सोडून दिलं. "मी लिहिते. नुसतं लिहीत नाही, मी येते तुझ्याबरोबर. सरांच्या घरी जाते. वर्गातल्या एकेकाला फोन लावते. पेपरात देते. सगळ्यांची नावं घालून देते. काय समजतात काय हे लोक? आणि माझंसुद्धा चुकलंच, करंगळी, तेव्हाच मी..."

"बास." तिने हात वर केला. तो हात आजही तसाच, नखांत माती, करंगळी जराशी बाहेर वळलेली. "सरांकडे जाऊन तू रडून येशील, तुला हलकं वाटेल. माझ्या रोपांना त्याचा काय उपयोग? पेपर नको, फोन नको. माफी तर मुळीच नको, ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

पिशवीतून तिने एक कोरा कागद काढला, ओट्यावरची कोथिंबीर बाजूला सारून माझ्यासमोर ठेवला.

"तीन ओळी लिही. छाटणी आठव्या दिवशी झाली. ती सरांनी सांगितली म्हणून झाली. मी कापलेल्या डोळकाड्या चांगल्या होत्या. खाली सही कर आणि आजची तारीख टाक. एवढंच हवंय मला."