धुई शे!

हिवाळ्यात केळी पिकायला वेळ लागतो, आमच्या ट्रकवाल्यांचे किस्से मात्र झटपट पिकतात! नव्वदच्या आसपास आम्ही रावेरहून सुरतेला केळी न्यायचो. पुढच्या गाडीवर नाना, मागच्या गाडीवर मी. नानाचा हट्ट एकच. धुक्यात पुढचं दिसेना झालं, की गाडी बाजूला. मग शेठ बोंबलो, नाहीतर व्यापारी!

*

एका सकाळी एरंडोलजवळ आम्ही असेच थांबलेलो. एक ट्रकवाला शेजारून जाताना ओरडला, "काय म्हातारबा, बांगड्या भरल्या का?"

नाना धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. बसल्या जागेवरून म्हणाला, "हा, भरेल शेतस! तू तुन्ही बायकोन्या सांभाळ!"

त्या गड्यानं पुढच्याच ढाब्यावर गाडी लावली. धुकं उठेपर्यंत चहा पीत बसला.

*

थांबलेल्या गाडीमागे नाना दगड मांडायचा आणि बायकोचं जुनं लाल लुगडं टांगायचा. एकदा हवालदार आला. "कुठल्या पक्षाचा झेंडा रे हा?"

"जित्या माणसांचा, साहेब!"

च्यायला, नाना निवडणुकीला उभा राहायला हवा होता!

*

शेठशी खटका मात्र एका शब्दावरून उडाला. नानाच्या बोलीत आहे म्हणजे शे, धुकं म्हणजे धुई, आणि धुळे गाव म्हणजे धुये. पारोळ्याहून त्यानं ऑफिसात फोन लावला, "शेठ, धुई शे!" शेठनं ऐकलं धुये. लगेच व्यापाऱ्याला छातीठोक सांगून मोकळा, "गाडी धुळ्याला पोचली!"

माल उशिरा गेला. शेठ भडकला. "पुन्हा धुक्यात थांबलात, तर किल्ली टेबलावर ठेवा आणि घरी बसा!"

उभा जन्म स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे बोलणं! माझं तर डोकंच फिरलं. नाना एवढंच म्हणाला, "शेठ, एकदा मन्हा शेजारी बसा."

*

आणि शेठ बसला की! पुढच्याच खेपेला. पारोळ्याजवळ धुई अशी उतरली, की बॉनेट दिसेना. नानानं गाडी ढाब्यावर घेतली, किल्ली काढली आणि शेठच्या हातावर ठेवली. "टेबल नही आठे." इथं टेबल नाही, म्हणून हातावर!

मीही मागे गाडी लावून आलो, तशी शेठनं ती माझ्यापुढे धरली. "तू चालव!"

मी माझ्या गाडीची किल्लीही त्याच्याच हातावर ठेवली.

"भित्रे लेकाचे! मी पुढे चालतो, माझ्यामागून गाडी आणा!" म्हणत शेठ पांढऱ्याशुभ्र सफारीत रस्त्यावर गेला आणि दिसेनासाच झाला. तेवढ्यात जोराचा हॉर्न, करकचून ब्रेक आणि कुणाची तरी सणसणीत शिवी.

शेठ धावत परत आला, एकाच चपलेवर! दोन्ही किल्ल्या आमच्या हातात कोंबल्या, ढाब्याच्या फोनवर ऑफिसातल्या मुनीमजींना गाठलं आणि नानाच्याच बोलीत ओरडला, "मुनीमजी, धुई शे! धुई!"

मुनीमजींचा आनंद आम्हाला लांबूनही ऐकू आला.

"पोचलात धुळ्याला? बघा शेठ, दम दिल्यावर कसा न थांबता पळाला नाना!"