वरून समुद्र

माझ्या बायकोला एकदा वरून समुद्र पाहायचा होता. हे वाक्य आज लिहायला सोपं वाटतं. त्या वर्षी बहरीनमध्ये ते कुणाला समजावून सांगणं आम्हा दोघांनाही जमलं नाही.

आम्ही दोघंही वसईचे. वसईला समुद्र आहे, पण तो आपल्याच पातळीवर असतो. केळीच्या बागा संपल्या, सुरूची झाडं संपली, की तो समोर पसरलेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही बहरीनला गेलो, तर तिथेही तेच. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि मी राजधानी मनामातल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात हिशेब बघायचो. राहायला मुहर्रकमध्ये, अरादच्या बाजूला. गच्चीवरून समुद्र दिसायचा, पण घर दोन मजल्यांचं. ओहोटीला चिखल कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. सुट्टीवर जाता-येताना विमान नेहमी रात्रीचं असे. खिडकीबाहेर काळोख.

ही इच्छा तिच्या मनात कुणी घातली ते मला ठाऊक आहे. एका मालवाहू जहाजावरचा इटालियन मेकॅनिक कावीळ होऊन तिच्या वॉर्डात बरेच दिवस पडून होता. त्याचं इंग्रजी मोडकं, हिचं नर्सिंगपुरतं. तरी त्यातून त्याने तिला आपलं गाव सांगितलं. इटलीच्या वायव्येला लिगुरिया म्हणून पट्टा आहे, तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात. त्याचं गाव त्या डोंगरावर. घरं एकमेकांच्या डोक्यावर ठेवल्यासारखी, मध्ये पायऱ्या, पायऱ्यांच्या बाजूला लिंबाची झाडं, आणि समुद्र खाली. त्याची आई सज्जात बसून परतणाऱ्या होड्या बघत असे. आपली होडी वरून ओळखू आली की मगच ती चुलीवर पाणी ठेवी. नवरा पायऱ्या चढून वर येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असायची.

त्या दिवशी हे मला सांगताना तिच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला होता.

"म्हणजे बघा, समुद्र त्यांच्या अंगणाच्या खाली असतो," ती म्हणाली.

माझ्या ऑफिसात जहाजांचे जुने नकाशे रद्दीत जायचे. त्यातला लिगुरियाच्या किनाऱ्याचा एक मी साहेबांना विचारून घरी आणला. आमचा प्रवास आम्ही त्या नकाशावर आखला. जेवणं झाली की तो जमिनीवर पसरायचा आणि कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवायची. मला त्या नकाशाचं एक नवल वाटे. त्यात पाण्याची खोली जागोजागी लिहिलेली, पण जमीन जवळजवळ कोरी. जहाजावरून जे दिसतं तेवढंच त्यांनी नोंदवलेलं: चर्चचा मनोरा, दीपगृह, एखादं शिखर. तिने एका चर्चच्या खुणेवर बोट ठेवलं.

"इथे बसायचं. भिंतीवर."

"आणि मग?"

"मग काय? बसायचं. तुम्ही पुस्तक वाचा."

नकाशा बरीच वर्षं पसरला आणि गुंडाळला गेला. गल्फमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको की सुट्टी आपली नसते. कंपनीकडून तिकीट गावाचं मिळतं आणि गाव वाट बघत असतं. एका सुट्टीत धाकट्या दिराचं, म्हणजे माझ्या भावाचं लग्न. एकदा नव्या घराचा स्लॅब. एकदा तिच्या वडिलांचं आजारपण. तिने तक्रार केली नाही. मी केली, तर म्हणायची, "डोंगर कुठे पळून जातोय?"

मधल्या काळात एका शुक्रवारी आमच्या एका गाववाल्याने आम्हाला आपल्या गाडीतून जबल अद्-दुखानला नेलं. त्याचं तुबलीला गॅरेज होतं आणि तोंड एक क्षण बंद नसायचं. बहरीनमधली सगळ्यात उंच जागा म्हणजे ही टेकडी. नावाचा अर्थच धुराचा डोंगर. आम्ही वर चढलो. खाली तेलाचे पाइप, पिवळी माती, आणि पुढे धुरकट हवा. समुद्र कुठल्याच बाजूला दिसेना.

"मफी समुद्र! समुद्र नाहीच!" गाववाला अर्ध्या अरबीत ओरडला. "वहिनी, पैसे परत मागा!"

ती हसली. मग बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

आजार तिला माझ्याआधी कळला. आपल्याच हातांनी तिने आपलं पोट चाचपलं होतं आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोटं चाचपल्यामुळे हाताला काय लागतंय ते तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तपासण्या करून मुंबईला जायला सांगितलं. तिने त्यांना विचारलं, थोडे दिवस हिंडता-फिरता येईल का? ते तिच्याशी खोटं बोलू शकले नाहीत. आत्ता येईल, ते म्हणाले. उशीर करू नका.

घरी आल्यावर तिने नकाशा काढला. मी म्हणालो, आधी मुंबई.

"मुंबईला गेल्यावर मला कोण सोडणार आहे? आधी आठवडाभर हे. मग तुम्ही म्हणाल तिथे सुया टोचून घेते."

बाब अल बहरीन या वेशीच्या मागे कापडाच्या दुकानांवर एका सिंधी गृहस्थांची ट्रॅव्हल एजन्सी होती. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "लिगुरिया? वहाँ क्या है?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "समुंदर." त्यांनी खिडकीबाहेर, समुद्राच्या दिशेला पाहिलं आणि व्हिसाची कामं सुरू केली. इटलीची वकिलात कुवेतला, म्हणून पासपोर्ट तिथे पाठवावे लागणार होते. इंशाल्ला, ते म्हणाले, महिन्याभरात होईल. नोकरीच्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलच्या तिजोरीत ठेवलेला तिचा पासपोर्ट सोडवायला ती स्वतः गेली. तिथल्या क्लार्कला कारण सांगावं लागलं, आणि क्लार्क आमच्याच चर्चमधला होता.

पुढच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर लोक आमच्याभोवती जमले. त्यांनी ऐकलं ते असं: बाई फार आजारी आहे आणि इटलीला चालली आहे. आमच्या लोकांच्या दृष्टीने या दोन गोष्टींची बेरीज एकच होते. आजारी ख्रिस्ती बाई इटलीला रोमसाठीच जाणार, पोपचा आशीर्वाद घ्यायला. यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

एका हॉटेलात हाउसकीपिंगचं काम करणारी, आम्ही सगळे मावशी म्हणायचो ती बाई पहिल्यांदा पुढे आली. तिने गळ्यातली रोजरी, जपाची माळ, काढून बायकोच्या मुठीत कोंबली.

"पोपच्या हाताखालून काढून आण हां, बाय. नुसती लांबून दाखवू नको."

"मावशी, आम्ही रोमला नाही... आम्ही वर, उत्तरेला..."

"उत्तरेला नंतर जा. आधी पोप."

मग एकेक जण. रोजऱ्या, क्रूस, मेणबत्त्या, तिच्या वॉर्डातल्या एका नर्स मुलीने मूल व्हावं म्हणून शिवलेलं बाळाचं टोपडं. तुबलीचा गाववाला सगळ्यात शेवटी आला आणि त्याने गॅरेजची जास्तीची किल्ली पुढे केली.

"ही पण घ्या. धंदा मंदा आहे."

"पोप किल्ल्यांना आशीर्वाद देतात का?" मी विचारलं.

"सगळ्यात मोठी, स्वर्गाची किल्ली त्यांच्याकडेच आहे ना? त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

आसपासचे हसले. तीही हसली. पण घरी येताना टॅक्सीत मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती, आणि पिशवी जड होती.

घरी मी तिला म्हणालो, "सरळ सांगू या. आपण रोमला जात नाही."

"काय सांगाल? की ही बाई मरायला टेकली आणि देवाकडे जायचं सोडून भिंतीवर बसायला चाललीय?"

मी पिशवी उचलून कपाटात ठेवली.

मग आमच्या फादरांनी, भला माणूस, आम्हाला न विचारता रोमला पत्र पाठवलं. बुधवारी पोप लोकांना भेटतात. त्या गर्दीत आजाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवतात. तिथे आमच्यासाठी जागा मिळावी म्हणून. उत्तर येईल त्या बुधवारच्या बेताने जायचं ठरलं. कुणी ठरवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. आधी रोम, नंतर गाडीने वर लिगुरिया, असं मी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं. रोम त्या नकाशात नव्हतंच.

व्हिसा आला. एजन्सीवाल्याने स्वतः घरी येऊन पासपोर्ट दिले आणि विचारलं, "तारीख?" मी म्हणालो, "चिठ्ठी का इंतजार है." पुढच्या आठवड्यातही तेच म्हणालो, आणि त्याच्या पुढच्याही. दर शुक्रवारी चर्चच्या दारात मावशी विचारायची, "आलं का पोपचं?" आणि तिचा चेहरा इतका आशेने भरलेला असायचा, की बायको तिचीच समजूत घालायची. "येईल, मावशी. त्यांना किती कामं."

एकदा मी चिडलो. म्हणालो, उद्याचं तिकीट काढतो, पत्र गेलं खड्ड्यात. ती पिशवीजवळ बसली होती. माळा एकमेकींत अडकल्या होत्या, त्या सोडवत होती.

"आणि या?" ती म्हणाली. "या घेऊन भिंतीवर बसू?"

"इथेच ठेवू."

"त्या टोपड्याचं काय करू? ती पोरगी मला वॉर्डात रोज भेटते."

त्याच दिवसांत जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागू लागलं. पहिल्यांदा ती कठड्याला टेकून म्हणाली, "लिगुरियात पायऱ्याच पायऱ्या आहेत म्हणे." मग माझ्या हाताला धरून ती उरलेल्या चढली.

रोमचं पत्र आलं. जाड, सुंदर कागद होता. ते आलं तेव्हा ती आपल्याच वॉर्डात, आपल्याच मैत्रिणींच्या हाताखाली पेशंट होती. मी ते तिला वाचून दाखवलं. तिने पुढच्या रांगेविषयीचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं, आणि म्हणाली, "मावशीला दाखवा. तिला बरं वाटेल."

त्या माळांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तिला वसईला पुरून मी नोकरीवर परत आलो, तेव्हा पिशवी कपाटात तशीच होती. मी ज्याची वस्तू त्याला परत करत फिरलो. प्रत्येक दारात सांगितलं की या कुठेही गेल्या नाहीत. टोपडं त्या मुलीने दोन्ही हातांनी घेतलं. गाववाल्याने किल्ली खिशात टाकली, आणि एवढा बोलका माणूस, मला गाडीत घालून घरी सोडेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मावशीने रोजरी नाकाशी धरली. हॉस्पिटलातून आणलेल्या बाटल्या त्याच कपाटात असायच्या.

"औषधाचा वास येतोय," ती म्हणाली.

"धुऊन देऊ का?"

"नको. राहू दे." आणि गळ्यात घातली.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते विमानाचं. तिला मुंबईला हलवायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदाच आमच्या वाट्याला दिवसाचं विमान आलं. शेपटीकडच्या काही खुर्च्या आडव्या करून त्यांवर स्ट्रेचर बांधला होता, भोवती पडदा. माझी जागा तिच्या पायांशी, खिडकीला लागून. ती खिडकीच्या पातळीखाली होती आणि तिला उठवून बसवायची सोय नव्हती. मी हवाईसुंदरीला विचारलं. तिने पट्ट्यांकडे पाहून मान हलवली. तिचेही डोळे भरले होते, तिला आणखी काय विचारणार?

मुंबई जवळ आली तसं विमान खाली उतरत वळलं आणि माझ्या बाजूचा पंख कलला. आणि खाली समुद्र होता. अख्खा. हिरवट, सुरकुतलेला, त्यावर मचव्यांचे ठिपके, ठिपक्यांमागे पांढऱ्या रेघा. मग किनारा, खाडीचं तोंड, आणि मला वाटलं, तो आमचाच किनारा असावा. वसईच.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"समुद्र."

"कसा दिसतो?"

मी तोंड उघडलं. मला इतकंच सुचलं की तो मोठा दिसतो. तिच्या उशाशी तिची पर्स होती, त्यात पावडरीची डबी, तिच्या झाकणाला आरसा. मी डबी उघडून खिडकीशी धरली आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणायला लागलो. थोडी वर, थोडी तिरपी. विमान हलत होतं. आरशात कधी आभाळाचा लख्ख तुकडा येई, कधी पडदा.

"आलं का?" मी विचारत राहिलो. "आता? आता दिसतंय?"

"राहू द्या," ती म्हणाली. "माझंच तोंड दिसतंय."

तरी मी धरून राहिलो. मग पंख सरळ झाला, खिडकीत घरांची छपरं आली आणि हवाईसुंदरीने मला पट्टा बांधायला सांगितलं.

"होड्या होत्या का?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"होत्या."

"घरी यायला निघालेल्या की जाणाऱ्या?"

मला ते वरून ओळखता आलं नव्हतं.

"यायला निघालेल्या," मी म्हणालो.