हाताला येणारं इंग्रजी

दौंडला रेल्वे कामगारांना मी शाळेतली नोकरी करून संध्याकाळी इंग्रजी शिकवायचो. त्यातल्या एका, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला ड्रायव्हर व्हायचं होतं. त्यासाठी इंग्रजीत तोंडी परीक्षा होती, पण फळ्यावरचा एकही शब्द त्याच्या लक्षात राहत नव्हता. तो ढ आहे, असं मी ठरवून टाकलं.

एकदा तोच म्हणाला, "मास्तर, फळ्याकडं बघून डोक्यात काय शिरत न्हाई. हात लावला की ध्यानात ऱ्हातं. इंजिनापाशी चला."

गेलो. एकेका भागावर तळवा टेकवून तो माझ्यामागून शब्द म्हणत गेला. पुन्हा एकही चुकला नाही.

तोंडी परीक्षेत प्रत्येक उत्तराआधी त्यानं हवेतच हँडल ओढलं म्हणे. साहेबांनी पास केलं.

त्या वर्षी शाळेत मी तीन मुलांना इंग्रजीत नापास केलं होतं. त्यांच्या हातात मी खडूसुद्धा दिला नव्हता.