अंगठी वाटीखाली कशी गेली

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो आधी आमच्याच लोकांवर आहे.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, आमच्या शेजारी एक वयस्कर जपानी गृहस्थ राहतात. समोर बसून हातचलाखी करणारे जादूगार, आणि रहस्यकथा लिहिणारेही. तीन वर्षं खपून लिहिलेली कादंबरी त्यांनी मला वाचायला दिली होती, शेवटचं प्रकरण मागे ठेवून. त्यातल्या चोरीचं उत्तर एका जादूत होतं. "वीस माणसं फूटभरावरून बघून फसली, तर वाचकही फसेल," ते म्हणाले. मीच हौसेने म्हटलं, रविवारी आमच्याकडे वीस जण जेवायला आहेत, या.

जेवणं झाल्यावर त्यांनी माझी अंगठी घेतली, मूठ मिटली, उघडली. रिकामी! टेबलावरची पालथी वाटी उचलली, तर खाली अंगठी. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात एकाने फोन नाचवला.

"वेट यार, मी शूट केलंय. स्लो मोशनमध्ये बघू!"

त्या गृहस्थांदेखतच ते टीव्हीवर लावलं.

"थोडं मागे घे... पॉज कर! वाटी नीट ठेवताना रिंग आत सरकवली!"

मग टाळ्या. जादूला नाही, बग सापडला म्हणून! जन्मभर कोड तपासणाऱ्यांना आश्चर्यसुद्धा दुरुस्त करावंसं वाटतं. व्हिडिओ ग्रुपवर गेलासुद्धा. ते मात्र टीव्हीवर स्वतःचाच हात बघत बसले होते.

"अरे, घरी बोलावलेला माणूस आहे, लाज नाही वाटत?" मी मराठीत कडाडले.

"चिल काकू, फन चाललंय!"

कादंबरीचं आमच्या लोकांना ठाऊक नव्हतं, मान्य. पण एवढं कळायला कादंबरी कशाला माहीत असायला हवी? आणि मी तरी कोण लागून गेले? "पॉज" ऐकताच मीही पुढे वाकून बघितलं होतं. जादूगारांनी ते पाहिलं.

ते निघताना मी त्यांच्या हातात श्रीखंडाचा डबा दिला. ते वाकून आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी ते डबा परत घेऊन आले. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. आत घडी घातलेलं शेवटचं प्रकरण होतं.

"तुम्हीच ठेवा," ते म्हणाले. "आता हे छापायला देणार नाही."

ती पानं मी अजून वाचलेली नाहीत. उत्तर मला माहीत आहे.